खुब्याला घाई, गुडघ्याला धीर



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर अर्थकारणावर बोलावे; हाडे कापणाऱ्या माणसाने येथे येऊन काय बोलावे, असा प्रश्न आपल्यांपैकी काहींना पडला असेल. मला तो पडला होता. पण येथे उभा राहून समोर पाहिले आणि संकोच बराचसा गेला. निम्मी मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसलेली आहेत आणि निम्मी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. खुर्च्यांवरच्या मंडळींपैकी कितीजण आवडीने तेथे बसले आहेत आणि कितीजण गुडघ्यांच्या हुकमाने, हे मी विचारीत नाही. विषयाला श्रोते आहेत, एवढे मात्र माझ्या ध्यानात आले.

आजचा विषय खुब्याच्या आणि गुडघ्याच्या शल्यविशारदाचे शिक्षण आणि त्याचे काम असा आहे. हा माणूस कसा घडतो, तो नेमके काय करतो आणि काय करीत नाही, हे मी सांगणार आहे. परंतु ते सांगण्यामागे माझा एक स्वार्थ आहे, तो आधीच उघड करतो. आपल्या या किनारपट्टीवर माणसे गुडघ्यासाठी घाई करतात आणि खुब्यासाठी वेळ घालवतात. असायला हवे ते नेमके याच्या उलट. दुखणारा गुडघा वाट पाहू शकतो; मोडलेला खुबा पाहू शकत नाही. आज रात्री घरी जाताना आपण एवढे एकच वाक्य बरोबर नेलेत तरी माझे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.

प्रथम या दोन सांध्यांची ओळख करून घेऊ. खुब्याचा सांधा म्हणजे उखळी आणि गोळा. कमरेच्या हाडात एक खोल वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा वाटोळा गोळा तीत बसतो. म्हणून पाय पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे फिरतो. हा गोळा मांडीच्या हाडाला सरळ जोडलेला नसतो. मध्ये एक तिरपी, निमुळती मान असते. ही मान लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. गुडघा, ज्याला आपल्याकडे ढोपर म्हणतात, तो वरवर पाहता दाराच्या बिजागरीसारखा दिसतो. पण ही बिजागरी वाकताना थोडी घसरते आणि थोडी वळतेही. दोन्ही सांध्यांत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. या अस्तराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळवणाऱ्या शिराही नाहीत. म्हणून ते झिजू लागते तेव्हा पहिली काही वर्षे कळत नाही आणि एकदा झिजल्यावर पूर्ववत भरून येत नाही.

आता आपल्या माणसांचा दिवस पाहा. भाताची लावणी कमरेत वाकून करावयाची, मासळी उकिडवे बसून विळीवर चिरावयाची, रापण ओढताना ओल्या वाळूत टाच रोवून सगळा भार मांड्यांवर घ्यावयाचा, माडावर चढायचे ते गुडघे बाहेर वळवून. विहिरीच्या पायऱ्या, घाटीच्या पायऱ्या, देवळाच्या पायऱ्या. या भूमीत गुडघ्याला विश्रांती अशी नाहीच. म्हणून येथल्या साठीच्या बाईने गुडघा दुखतो म्हटले तर त्यात नवल नाही. नवल असते ते तिने इतकी वर्षे काही म्हटले नाही याचे.

हे सांधे दुरुस्त करणारा माणूस घडतो कसा? बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, मग साडेपाच वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. त्यात शेवटचे एक वर्ष रुग्णालयात उमेदवारीचे. त्यानंतर पुन्हा एक प्रवेशपरीक्षा आणि अस्थिशल्याचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास. ही तीन वर्षे म्हणजे झोपेचे आणि जेवणाचे काही खरे नाही अशी वर्षे. अपघातविभागात रात्रभर येणारे मोडलेले हातपाय, पोरांच्या वाकड्या पावलांना दर आठवड्याला घालावयाचे प्लॅस्टर, मणक्याचा क्षय, कुजलेली हाडे, भाजलेल्या जागांचे ड्रेसिंग. सांधेबदल हा या अभ्यासाचा एक कोपरा. ज्याला त्यातच काम करावयाचे आहे तो पुढे वर्ष-दोन वर्षे एखाद्या जाणत्या शल्यविशारदाच्या हाताखाली राहतो. म्हणजे अठराव्या वर्षी घरातून निघालेला मुलगा किंवा मुलगी स्वतंत्रपणे खुबा बदलू लागते तेव्हा वयाची तिशी आलेली असते.

या बारा वर्षांत तो शिकतो काय? लोकांची समजूत अशी की तो कापायला शिकतो. ते खरे आहे, पण अर्धेच. आमच्या पेटीत करवत असते, हातोडी असते, छिन्नी, कानस, गिरमिट असते. एखाद्या सुताराने ती पाहिली तर त्याला परके वाटणार नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे करणारा कारागीर मिलिमीटराचे जे भान ठेवतो तेच आम्हाला ठेवावे लागते. गुडघा बदलताना मांडीच्या आणि नळीच्या हाडाची टोके साधारण नऊ-दहा मिलिमीटर कापली जातात. तो काप दोन-तीन अंशांनी तिरका गेला तर माणूस बाहेर पडताना वाकडा चालतो आणि नवा सांधा लवकर झिजतो. परंतु लाकडात रक्त नसते, लाकडाला जंतुसंसर्ग होत नाही, आणि लाकडाला मधुमेह व हृदयविकार नसतो. चुकलेला तुकडा टाकून देऊन दुसरा घेण्याची सोय सुताराला आहे, आम्हाला नाही.

म्हणून हाताचे शिक्षण तीन-चार वर्षांत होते, पण बुद्धीचे शिक्षण त्याहून लांबते. शस्त्रक्रिया कशी करावी हे लवकर कळते. कधी करावी हे त्यानंतर कळते. आणि कधी करू नये हे सर्वांत उशिरा कळते. आमच्या शास्त्राचा इतिहासही याच क्रमाने चाललेला आहे.

सुश्रुतसंहितेत हाडांच्या दुखापतींचे दोन वर्ग केलेले आहेत, संधिमुक्त आणि कांडभग्न. सांधा निखळणे निराळे आणि हाड मोडणे निराळे, हा भेद तेथे स्पष्ट आहे. मांडी मोडलेल्या माणसाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवण्याची कपाटशयन नावाची युक्तीही तेथे सांगितली आहे. हाड स्थिर ठेवा, निसर्ग ते जोडील, हे तत्त्व आजही खरे आहे. पण झिजून गेलेला सांधा निसर्ग जोडून देत नाही. तेथे माणसाने काही नवे बसविले पाहिजे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. बर्लिनचे थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० साली हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा करून माणसाला बसविला. कल्पना थोर होती. पण ते रुग्ण बहुतेक सांध्याच्या क्षयाचे होते, जखमा पिकल्या आणि सांधे निकामी झाले. त्यानंतर काच, निरनिराळे धातू, अनेक प्रयोग झाले. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी १९४० साली मांडीच्या हाडाचे वरचे टोक धातूचे करून बसविले. त्यांच्या नावाचा धातूचा गोळा पुढे आपल्या देशातही हजारो वृद्धांना चालते करून गेला.

परंतु आज आपण ज्याला सांधेबदल म्हणतो त्याचा खरा पाया इंग्लंडातील रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी धातूचा लहान गोळा घेतला, जेमतेम २२ मिलिमीटरांचा, आणि त्याच्यासाठी निसरड्या पदार्थाची वाटी केली. दंतवैद्य वापरीत त्या जातीच्या सिमेंटने दोन्ही हाडात पक्की केली. वाटीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले, ज्याचा लेप आज आपल्या तव्यांवर असतो तेच. रुग्ण चालू लागले, वेदना गेल्या, सगळीकडे आनंद झाला. आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून गेले. सुमारे ३०० रुग्णांचे खुबे पुन्हा उघडण्याची पाळी आली. चार्नली यांनी ते काम दुसऱ्यावर ढकलले नाही. झिजलेल्या टेफ्लॉनचे कण शरीराला काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले.

पुढची गोष्ट मौजेची आहे. यंत्रमागांच्या दातेरी चक्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिएथिलिनचा एक तुकडा एक विक्रेता घेऊन आला. चार्नली यांनी तो नखाने दाबून पाहिला आणि त्यात वेळ घालवू नका असे म्हणून ते निघून गेले. त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा गुपचूप घासण्याच्या यंत्रावर चढविला. यंत्र दिवसरात्र फिरले आणि झीज नाममात्र झाली. १९६२ च्या नोव्हेंबरात त्याची पहिली वाटी रुग्णाला बसली, आणि त्याच जातीचा पदार्थ, पुष्कळ सुधारलेल्या रूपात, आजही आम्ही वापरतो. एका कारागिराची चिकाटी नसती तर काय झाले असते, असा विचार मनात येतो.

पण चार्नली यांचा मोठेपणा मला याच्या पुढे दिसतो. टेफ्लॉनने शिकविल्यानंतर त्यांनी नवा सांधा लगेच जगभर विकू दिला नाही. काही वर्षे स्वतःच्या रुग्णांवर नजर ठेवली. जो शल्यविशारद रायटिंग्टनला येऊन ही पद्धत शिकेल त्यालाच सांधा मिळेल, असा दंडक घातला. जखमा पिकतात म्हणून शस्त्रक्रियेच्या जागेभोवती शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष उभारला आणि शेकडा सात-नऊ असलेले जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणले. धीर हा त्यांच्या हत्यारांपैकी एक होता.

आपल्या देशात हे शास्त्र ज्या थोड्या मंडळींनी रुजविले त्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया आणि पुण्याचे डॉ. के. एच. संचेती ही नावे आदराने घेतली जातात. संचेती यांनी भारतीय माणसाच्या बांध्याला जुळेल असा 'इंडस' नावाचा गुडघा तयार करविला. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. गुडघ्याच्या बाबतीत जगाला वळण देणारा १९७४ चा न्यूयॉर्कचा जो नमुना, त्याच्या कर्त्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर मध्य प्रदेशातून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी २००० सालच्या ऑक्टोबरात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, आणि पुढल्या जूनमध्ये उजवा. त्या दिवसापासून गुडघा बदलता येतो हे खेड्यापाड्यांत ठाऊक झाले.

ठाऊक झाले हे चांगले; पण घाई सुरू झाली हे तितके चांगले नाही. नवे ते चांगले, या समजुतीने केवढे नुकसान होते याचा एक दाखला देतो. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरणारा 'ए.एस.आर.' नावाचा खुबा डीप्यू कंपनीने बाजारात आणला. तरुण रुग्णांसाठी उत्तम म्हणून त्याचा गवगवा झाला. धातूची सूक्ष्म भुकटी भोवतालच्या मांसात आणि रक्तात मिसळू लागली, सांधे अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होऊ लागले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो गेला होता. त्यांत आपल्या देशातील रुग्णही हजारोंनी होते. चार्नली थांबले होते. येथे थांबणे झाले नाही. म्हणून कोणी आपल्याला अगदी नवा सांधा सुचविला तर एकच प्रश्न नम्रपणे विचारा: डॉक्टर, हा सांधा माणसांच्या शरीरात किती वर्षे टिकल्याचा अनुभव आहे?

आता गुडघ्याकडे येतो. झिजलेला गुडघा हे संकट नव्हे, ती दीर्घ सोबत आहे, आणि सोबत्याशी कसे वागावे हे शिकता येते. पहिली गोष्ट वजनाची. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीनपट भार येतो. एक किलो वजन कमी केले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. येथून बाजारपेठेपर्यंत आपण किती पावले टाकता ते मोजा आणि हिशेब करा. दुसरी गोष्ट मांडीच्या स्नायूंची. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा, सावकाश खाली ठेवावा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ हा व्यायाम तीन महिने नेमाने केला तर पुष्कळांची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे जाते. याला पैसा लागत नाही आणि म्हणूनच कदाचित त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे काही सवयी बदलणे: उंच संडास, ओट्यावर उभे राहून मासळी चिरणे, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. काठीची लाज वाटते म्हणतात. पडण्यापेक्षा काठी बरी.

तेल लावू का, असे विचारतात. लावा, चोळणाऱ्याच्या हाताने बरे वाटते, पण ते तेल कूर्चेपर्यंत पोहोचत नाही. मात्र दोन गोष्टींना निक्षून नाही म्हणा. वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने मनाने घेणे, कारण त्या मूत्रपिंड आणि जठर बिघडवतात; आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या, कारण त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने आठ दिवसांत माणूस नाचू लागतो, आणि काही वर्षांत त्याची हाडे ठिसूळ होतात किंवा खुब्याचा गोळा मरतो. दारूही तेच करते. चाळिशीच्या आतले तरुण खुबे घेऊन आमच्याकडे येतात ते पुष्कळदा याच दोन वाटांनी.

मग शस्त्रक्रिया कधी? हे सगळे करूनही वेदना रात्री झोपू देत नाहीत, घराबाहेर पडणे बंद झाले आहे, एक्स-रेत हाडावर हाड घासताना दिसते आहे, आणि स्वतः रुग्ण म्हणतो की आता पुरे. या चारही गोष्टी जुळल्या म्हणजे. यांतली चौथी सर्वांत महत्त्वाची. शस्त्रक्रिया एक्स-रेवर करावयाची नसते, माणसावर करावयाची असते. योग्य वेळी केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ उत्तम असते. रुग्ण बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालतो, आणि बदललेल्या गुडघ्यांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक पंचवीस वर्षे टिकतात असे परदेशांतील नोंदी सांगतात. पण दुसरी बाजूही ऐका. दर पाच रुग्णांमागे एकजण नव्या गुडघ्यावर पुरता समाधानी नसतो. शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो, आणि तो फार छळतो. जमिनीवर मांडी घालून बसणे बहुतेकांना सोडावे लागते. थोडक्या झिजेसाठी घाईने केलेली शस्त्रक्रिया या असमाधानी पाचव्या माणसांत भर घालते.

खर्चाविषयी एक शब्द. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषधकिंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किमती लादल्या. लाख-दीड लाखाला विकला जाणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा तेव्हा कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. तेव्हा देयकात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागण्यात संकोच बाळगू नका. शासनाच्या जन आरोग्य योजनांत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो; आधी त्याला भेटावे.

येथवर मी धीराचा उपदेश केला. आता घाईचा करतो.

आषाढातली सकाळ. अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ चढलेले. पंचाहत्तर वर्षांची आजी तुळशीला पाणी घालावयास निघते, पाय सटकतो आणि ती कुशीवर पडते. उठता येत नाही. पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेले असते. ही खूण पाठ करून ठेवा: पडल्यावर उभे राहता येत नाही, पाय आखूड आणि पाऊल बाहेर. म्हणजे खुबा मोडला. एखाद्याचा पाय आखूड दिसत नाही, पण पडल्यापासून जांघेत दुखते आणि त्या पायावर भार घेववत नाही; त्याचाही एक्स-रे काढलाच पाहिजे.

त्यानंतर काय होते? आजीला उचलून खाटेवर निजवतात. शेजारी म्हणतात, मुका मार आहे. दोन दिवसांनी कोणी हाडवैद्याला बोलावतो. लेप, बांबूच्या कामट्या, पट्टा. मनगटाच्या साध्या दुखापतीला त्याने गुण येत असेल, पण खुब्याचे हाड कामट्यांच्या पट्ट्यात धरता येत नाही. मग मुंबईला फोन जातो. मुलगा म्हणतो, मी येतो, तोवर काही करू नका. त्याला रजा मिळत नाही, रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, किंवा चतुर्थी जवळ आलेली असते. आणि सर्वांच्या मनात एक न बोललेले वाक्य असते: आता या वयात ऑपरेशन कशाला? आजी स्वतःही म्हणते, "डाक्टरानू, माका आता खंय शर्यतीत धावूचा आसा?" मी म्हणतो, "शर्यतीत नाही आजी, न्हाणीपर्यंत." न्हाणीपर्यंत आपल्या पायांनी जाता येणे ही माणसाची शेवटची आणि सर्वांत मोठी स्वतंत्रता आहे.

या दिरंगाईत काय घडते ते नीट ऐका. मघाशी सांगितलेली ती मान आठवा. गोळ्याचे बरेचसे रक्त मानेच्या कडेने येते. मान मोडली म्हणजे बहुधा तो पुरवठा तुटतो. फांदी मोडल्यावर तिच्या टोकाचा आंबा सुकतो तसा गोळा सुकतो. म्हणून वृद्धांत तो काढून धातूचा बसवितात. मानेच्या खाली मोडले तर हाड जिवंत असते, पण ते जुळवून आत सळई आणि स्क्रूने धरावे लागते. यांतले काहीच केले नाही तर आजी खाटेवर निजून राहते. आणि वृद्ध माणसाला खाटेवर निजवून ठेवणे हाच रोग आहे. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते, लघवीला संसर्ग होतो, भूक जाते, भान जाते. लोक म्हणतात, म्हातारी पडली आणि त्या धक्क्याने गेली. ती धक्क्याने जात नाही, ती खाटेने जाते. प्रगत देशांतही खुबा मोडलेल्या दर चार-पाच वृद्धांतला एक वर्षाच्या आत दगावतो. तेथे शस्त्रक्रिया वेळेवर होते तरी. शस्त्रक्रियेशिवाय ठेवले तर काय होत असेल याची कल्पना करावी.

म्हणून जगभर आता नियम झाला आहे की खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया शक्यतो छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत व्हावी. वय जास्त आहे, म्हणून शस्त्रक्रिया नको, असे नव्हे. वय जास्त आहे, म्हणून ती लवकर हवी. भूल देणारे डॉक्टर कमरेखालचाच भाग बधिर करू शकतात. हेतू असा की आजी दुसऱ्या दिवशी उठून बसावी, आणि शक्य तितक्या लवकर दोन पावले टाकावी.

मग घरच्यांनी काय करावे? पाय ओढू नये, चोळू नये, कामट्या बांधू नयेत. मांड्यांमध्ये उशी ठेवून पाय आहे तसा आधाराने ठेवावा. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. जेथे एक्स-रे आणि अस्थिशल्य दोन्ही आहेत अशा रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. बांबोळीची वाट तर आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, पिशवीत घालून बरोबर न्यावीत. आणि मुंबईच्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे: तुमचे येणे आईला हवेच आहे, पण तिला तुमची वाट पाहायला लावू नका. फोनवर होकार द्या आणि मग गाडीत बसा. जे गावात राहतात, त्या सुनेला, भावाला, शेजाऱ्याला निर्णयाचा अधिकार आजच देऊन ठेवा. पडल्यावर ही चर्चा करण्याइतका वेळ नसतो.

शल्यविशारदाचे काम तास-दीड तासाचे असते. त्यापूर्वी भूलतज्ज्ञ, त्या वेळी परिचारिका, त्यानंतर व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट, आणि त्यानंतरचे तीन महिने घरातली माणसे. हे सगळे मिळून खुबा उभा करतात. आमच्या दिवसाचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहात जात नाही. तो तपासणीच्या खोलीत बोलण्यात जातो. एकाला सांगावे लागते, तुम्हाला शस्त्रक्रिया नको, आणि तो रागावून दुसरीकडे जातो. दुसऱ्याला सांगावे लागते, तुम्हाला ती आजच हवी, आणि तो म्हणतो, घरी विचारून कळवतो. आता शस्त्रक्रियेला मदत करणारे यंत्रमानवही आले आहेत. हाडाचा काप कोठे घ्यावा हे ते आमच्यापेक्षा बारकाईने मोजतात. परंतु या दोन माणसांपैकी कोणाला काय सांगावे हे त्यांना मोजता येत नाही. ते शिकायलाच ती बारा वर्षे आणि त्यानंतरचा सगळा जन्म लागतो.

आणि सर्वांत चांगला खुबा म्हणजे न मोडलेला खुबा. पावसाळ्यापूर्वी अंगणातले आणि पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून काढा. न्हाणीत आणि संडासात हाताला धरण्यासाठी भिंतीत एक नळी बसवा. तिचा खर्च एका जेवणावळीहून कमी आहे. रात्री उठताना दिवा हाताशी असू द्या. शेणाच्या जमिनी जाऊन गुळगुळीत लाद्या आल्या. त्यांवर पाणी सांडले तर लगेच पुसा. मोतीबिंदू पिकू देऊ नका, झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. पाळी गेल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात; साध्या पडण्याने मनगट मोडले असेल तर ती पुढच्या खुब्याची पूर्वसूचना समजून हाडांची तपासणी करून घ्या.

भगिनी-बंधूंनो, शल्यविशारदाने आपल्या कामाची जाहिरात करावी हे शोभत नाही, आणि मी ती केलेलीही नाही. उलट निम्म्या लोकांना मी माझ्याकडे येऊ नका असे सांगितले आहे. उरलेल्या निम्म्यांना सांगितले ते एवढेच, की यायचे तर त्याच दिवशी या. हा फरक ओळखणे हेच माझ्या शास्त्राचे सार आहे, आणि ते डॉक्टरांपुरते ठेवण्याचे कारण नाही. घराघरांत ते माहीत झाले तर आपल्या गावातल्या पुष्कळ आज्या पुढच्या पावसाळ्यातही आपल्या पायांनी तुळशीपर्यंत जातील.  खुर्चीवरून आणि सतरंजीवरून उठताना सावकाश उठा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.